जिन्यावरचे शेवट

अक्का, परवा दुपारी मी रिक्षातून चंद्रविलासवरून गेले. चंद्रविलासवरून म्हणजे चंद्रविलास टॉकीज जिथं होतं तिथून. तोंडात अजून तेच येतं आणि रिक्षावाल्यांनाही अजून तेच कळतं. पत्र्याचं कुंपण आहे, आत गवत वाढलंय, कडेला दोन हातगाडे लावून ठेवलेत. बांधायचं काय ते अजून कुणाचं ठरलेलं नाही म्हणे. कुंपणाच्या वर नुसतं आभाळ दिसतं, आणि ते इतकं मोकळं दिसतं की मला उगीचच लाजल्यासारखं होतं. कुणाच्या तरी घरात न विचारता डोकावल्यासारखं.

तुझ्या दहाव्याहून मी घरी जुळे सोलापूरला परतत होते. रिक्षात बसल्या बसल्या मी मनात तुझ्याशी भांडायला लागले होते. माणूस गेल्यावर भांडण संपायला पाहिजे की नाही? आपलं काही संपलेलं नाही. उलट आता तू मधे बोलत नाहीस, त्यामुळे मला जास्त चेव येतो.

तू मला एक गोष्ट लिहू नको म्हणून सांगितलं होतंस. शपथ घातली नव्हतीस, पण तुझं ‘न्हाय म्हनलं की’ शपथेपेक्षा जड असायचं. ती गोष्ट मी आज लिहिते आहे. का, ते शेवटी सांगते. तू जन्मभर शेवट राखून ठेवलेस, मला एवढं तरी करू दे.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या काही हौशी मंडळींनी जुन्या टॉकीजांचं पुस्तक काढायचं ठरवलं. चंद्रविलासचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, कारण मी रिटायर्ड शिक्षिका आणि नव्या पेठेत आयुष्य काढलेली. मी वही घेऊन हिंडले. ऑपरेटर भेटला, सोडावाल्याचा भाऊ भेटला, ज्यांनी खुर्च्या फाडल्या ते आता आजोबा झालेले भेटले. सगळे पुरुष. त्यांनी सांगितलेला इतिहास ऐकला की वाटायचं, चंद्रविलास हे सिनेमा बघायचं ठिकाण नसून शिट्टी मारायचं आणि दंडाला दंड लावून तिकीट काढायचं ठिकाण होतं. कुठला सिनेमा किती आठवडे चालला यावरून दोन म्हातारे माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले. मी ते सगळं लिहून घेतलं. पण मला माहीत असलेलं चंद्रविलास त्यात कुठंच नव्हतं. बाजूच्या बोळातून वर जाणारा तो अरुंद दगडी जिना कुणाच्या तोंडातून आला नाही. येणार कसा? त्या जिन्यावर कधी पुरुषाचं पाऊल पडलंच नाही.

मग मी तुझ्याकडे आले. पूर्वभागातल्या तुझ्या त्या एका खोलीत, दारात विड्यांचं सूप, आत गोळ्यांच्या डब्या. म्हटलं, अक्का, जिन्याचं सांग. तू माझी वही हातात घेतलीस, उलटी सुलटी करून बघितलीस आणि परत दिलीस.

“मशीनचं लिही. खुर्च्यांचं लिही. मालकाच्या धोतराचं लिही. जिन्याचं लिहायचं न्हाय.”

“का गं?”

“न्हाय म्हनलं की.”

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नसणार, म्हणून सांगते. चंद्रविलासमध्ये बायकांचा विभाग वेगळा होता. वरच्या अंगाला, लाकडी कठड्याच्या आड, बाकांच्या सहा रांगा. त्याचा जिना वेगळा, दार वेगळं आणि दारावर तू. नऊवारी इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात लाल कागद लावलेली बॅटरी. आणि एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्या गावात ऐकला नाही. खेळ सुटायच्या सात-आठ मिनिटं आधी बायकांना बाहेर काढायचं. मालकाच्या वडिलांनी म्हणे तो घालून दिला होता. सिनेमा सुटला की पुरुषांचा लोंढा रस्त्यावर येतो, त्यात घरंदाज बायकांची चेंगराचेंगर नको. जाहिरातीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘स्त्रियांसाठी स्वतंत्र जिना, गर्दीपूर्वी सुटका’. मालकाला त्याचा अभिमान होता. सासरे, दीर, नवरे सगळेच खूश. त्या पाटीच्या भरवशावरच तर आमच्यासारख्यांना सोडायचे.

म्हणजे झालं काय, की आम्ही बायकांनी चंद्रविलासमध्ये सिनेमाचा शेवट कधी पाहिलाच नाही.

तू घंटी वाजवायचीस. देवघरातली असते तशी लहान घंटी. पडद्यावर काहीही चालू असो, नायिका फासावर चढत असो की मांडवात उभी असो, घंटी झाली की उठायचं. मग तो उसासा. पन्नास-साठ बायकांचा एकदम सुटलेला. चपला शोधायच्या, झोपलेली पोरं खांद्यावर टाकायची, पदर सावरायचे आणि काळोखातून त्या जिन्यावर यायचं. जिना वळणाचा होता. वरच्या झरोक्यातून दुपारच्या उन्हाची एक पट्टी तिरपी आत यायची आणि तीत तंबाखूचा बारीक भुगा तरंगत असायचा, कारण निम्म्या बायका विड्या वळता वळता उठून आलेल्या. आम्ही पायरी पायरीवर दाटीनं उभ्या. खाली बंद दार. दाराची कडी तुझ्या हातात.

आणि कडी काढायच्या आधी तू शेवट सांगायचीस.

अक्का, मला ते दृश्य अजून झोपेत दिसतं. गेल्या दहा दिवसांत तर रोज दुपारी डोळा लागला की मी त्या जिन्यावर असते. भिंतीपलीकडून खऱ्या शेवटाचं संगीत ऐकू येत असतं, व्हायोलिनं नुसती रडत असतात, आणि खाली तू हसत हसत सांगत असतेस की तो परत आला, ती वाचली, सासूची खोड मोडली. थोडं मराठीत, थोडं तेलुगूत, आमच्याकडं बघून दोन शब्द कानडीत. एकाच वेळी दोन सिनेमे चालायचे. वरचा आणि जिन्यावरचा. आम्ही जिन्यावरचा घरी घेऊन जायचो.

मी अक्कलकोटच्या बाजूची. घरात कानडी, शाळेत मराठी. एकोणिसाव्या वर्षी नव्या पेठेत कापडाच्या दुकानदाराच्या घरात सून म्हणून आले. सासूबाई वाईट नव्हत्या. पण मला मास्तरकीचा कोर्स करायचा होता, आणि हा विषय काढला की त्या मुक्या व्हायच्या. बोलणारी सासू परवडते, मुकी नाही. एका दिवशी बाराच्या खेळाला मध्यंतरात मी धीर करून पुन्हा विषय काढला. त्या कानडीत म्हणाल्या, “दुकानदाराच्या सुनेनं दुसऱ्यांची पोरं राखायची का?” मीही कानडीत काहीतरी तोडून बोलले. तू कठड्यापाशी शेंगा विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत होतीस. तुझं आमच्याकडे लक्ष होतं की नव्हतं, यावर आपण पुढं म्हातारपणी किती भांडलो.

सिनेमातल्या बाईवर खोटा आळ येतो, घरचे तिला हाकलतात आणि ती नदीच्या घाटावर येऊन उभी राहते. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते. तेवढ्यात तुझी घंटी. आम्ही जिन्यावर आलो तेव्हा एकदोघी मुसमुसत होत्या. तू कडीवर हात ठेवून उभी होतीस.

“उतरली पायऱ्या. पानी गुडघ्याला लागलं. तितं नावाडी आला की. म्हनला, बाई, पल्याड जायचं का? गेली पल्याड. तितं शाळा हुती, मास्तर न्हवता. ही शिकल्याली. राहिली. दोन वर्सांनी नवरा आला हुडकत. ही वर्गात. म्हनली, बसा भायेर, घंटा होऊ द्या.”

“मग?” मागून कुणीतरी विचारलं.

“मग काय? बसला की भायेर.”

सगळा जिना हसला. सासूबाईसुद्धा हसल्या, मी ऐकलं. तू कडी काढलीस, बोळातलं ऊन एकदम डोळ्यांवर आलं आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर पडताना तू माझ्याकडे बघितलंस. निदान मला तसं वाटलं.

चौथ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं की मी फॉर्म भरणार. तो भला माणूस, घाबरट पण भला. म्हणाला, “आईला तू सांग.” मी सांगितलं. महिनाभर घरात ताटं आपटली, पण मी फॉर्म भरला. पुढं तीस वर्षं मी पोरांना पाढे शिकवले, आणि दुकान बंद असायचं त्या दिवशी नवरा शाळेच्या फाटकाबाहेर स्कूटरवर बसून घंटा व्हायची वाट बघायचा. मला दर वेळी हसू यायचं. त्याला का ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो गेला त्यालाही सहा वर्षं झाली.

एकदा मी छत्री विसरले म्हणून जिन्यावरून परत वर आले होते, तुला आठवतं? तू सगळ्यांना वाटेला लावून पुन्हा वर गेली होतीस. पहिल्या बाकावर एकटी बसली होतीस. मांडीवर बॅटरी विझवून ठेवलेली. पडद्याचा उजेड तुझ्या तोंडावर हलत होता आणि तू रडत होतीस. मोठ्यानं नाही, तोंडाला पदर लावून. मी पडद्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघत राहिले आणि मग छत्री न घेताच पाय न वाजवता खाली आले. तेव्हा मला कळलं नाही. खरे शेवट तू एकटी बघायचीस. सगळ्या गावाच्या बायकांच्या वाटचे. ते वर बसून सोसायचीस आणि पुढच्या खेळाला जिन्यावर दुसरेच वाटायचीस.

ते कळलं फार उशिरा. टॉकीज बंद पडल्यावर. एका दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. मी भाजी निवडत होते. घाट आला, पायरी आली, माझा हात थांबला. आता नावाडी येईल म्हणून मी बघते आहे, आणि अक्का, नावाडी आलाच नाही. पाणी तिच्या गळ्याशी आलं, डोक्यावरून गेलं आणि वर एक वेणी तरंगत राहिली. बस. संपला सिनेमा. मी किती वेळ भाजीचं ताट घेऊन बसले होते कुणास ठाऊक.

तशीच रिक्षा करून तुझ्याकडे आले. तू ओसरीवर विड्या वळत होतीस.

“खोटं का सांगितलंस?”

“काय खोटं?”

“ती बुडते.”

“बुडंना का. तुझं काय गेलं?”

मी जास्तच चिडले. म्हटलं, मी तुझ्या थापेवर माझं आयुष्य उभं केलं. तू म्हणालीस, “आयुष्य हुबं हाय न्हवं? मग बस, चहा घे.” मी चहा न घेता निघाले आणि दोन महिने तुझं तोंड बघितलं नाही. किती मूर्ख होते मी. ज्या बाईनं मला पल्याड नेलं तिच्यावर, नदी खोटी होती म्हणून रुसले.

नंतर आले ती दुसराच प्रश्न घेऊन. तो शेवट माझ्यासाठी केला होतास का? मध्यंतरातलं आमचं कानडी तू ऐकलं होतंस का? तू कधी हो म्हणाली नाहीस. “दिवसाला तीन खेळ, एकेका खेळाला साठ बाया. कुनासाठी काय करू?” असं म्हणून विडीचा दोरा दातानं तोडायचीस. मी म्हणायचे, मग बाराच्या खेळाला शाळा आणि तीनच्या खेळाला काय सांगितलंस? तू म्हणायचीस, “इसरले.” अक्का, तू सिनेमातल्या घोड्यांचीसुद्धा नावं विसरत नव्हतीस.

चंद्रविलास पाडलं तेव्हा आपण समोरच्या हॉटेलात बसून बघितलं. तो दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. सकाळपासून धुरळा होता आणि सगळं त्या धुरळ्यातून दिसत होतं, आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा. दर्शनी भिंत पडली तेव्हा रस्त्यावरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. टॉकीजला निरोप द्यायची तीच त्यांची रीत. मग पाडकामाचं मशीन बोळाच्या बाजूला वळलं. भिंत गेली आणि जिना काही वेळ तसाच उभा राहिला, उघड्यावर, वर काही नाही आणि खाली काही नाही. त्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या. ऊन पहिल्यांदाच त्याच्यावर सगळं पडलं होतं. तू बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “केवढासा हुता गं.” मी तुझा हात धरला.

मग तू आजारी पडलीस. दवाखान्यात मी रोज यायचे, डबा घेऊन. गेल्या महिन्यात एका दुपारी तू झोपेतून उठलीस आणि मला म्हणालीस, “बिड्डा, सुशीचं काय करू?” तुझ्या तेलुगूत लेकराला म्हणतात तसं तू मला बिड्डा म्हणायचीस, मी साठीची झाले तरी.

सुशीला मला ठाऊक होती. तुझ्या गल्लीच्या पलीकडं राहणारी, तुझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी लहान. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तिचा नवरा मागावर काम करायला भिवंडीला गेला आणि गेला तो गेलाच. मूल नाही, पत्र नाही. भावांनी तिच्यासाठी दुसरं स्थळ बघून ठेवलं होतं, तर तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. तो येणार आहे म्हणाली. त्याच घरात एकटी राहिली, विड्या वळून म्हातारी झाली. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी यायचं, त्या प्रत्येक दिवशी तू तिच्याकडे जाऊन तिचे हंडे भरून द्यायचीस. तुझं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं असताना. मी म्हणायचे, केवढी मैत्री आहे बायांची.

दवाखान्यात तू मला खरं सांगितलंस. सुशीलाचे भाऊ स्थळ आणणार त्याच आठवड्यात एक सिनेमा लागला होता. त्यातला नवरा परदेशी जातो, बायको दिवा लावून बसते. खऱ्या शेवटात त्याचे नुसते कपडे येतात. सुशीला जिन्यावर तुझ्या अगदी पुढ्यात उभी होती. तिचं तोंड बघून तुला ते कपडे सांगवले नाहीत. तू म्हणालीस, तो आला, दिवा विझायच्या आत आला.

“त्या दिसापास्नं ती बसली की दिवा लावून. माझ्या तोंडाला कुलूप का लागलं न्हाय गं?”

मी म्हटलं, “अक्का, मग माझं काय? माझं तुझ्या तोंडानंच चांगलं झालं ना?”

“तुझं चांगलं झालं ते तुझ्या अकलेनं. तिचं वाईट झालं ते माझ्या तोंडानं.” असं म्हणून तू भिंतीकडे वळलीस. तशीच पाठमोरी म्हणालीस, “सुशी हाय तवर जिन्याचं लिहू नको. तिला कळंल की मी थाप मारली. मग तिनं कशासाठी काढली म्हनायची एवढी वर्सं?”

तेव्हा मला कळलं की तू माझ्या वहीला का घाबरत होतीस. मी तुझे पाय चेपत बसले. बोलायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं की सुशीलाला जाऊन एकदा विचारू या. पण तुला धाप लागत होती आणि मला वाटलं, बरी हो, मग बोलू. आपल्यासारख्या बायकांना कायम वाटतं की पुढचा खेळ आहेच. आठवड्यानं तू गेलीस. मी घरी होते, कपडे वाळत घालत होते. फोन आला.

परवा तुझ्या दहाव्याला सुशीला आली होती. कोपऱ्यात बसून होती, रडली नाही. जेवणं झाल्यावर म्हणाली, माझ्याकडं आज पानी यायचं हाय, जाते. मी तिच्याबरोबर गेले. का गेले ते खरं सांगते. मला तिची परवानगी पाहिजे होती. तुझं ऐकायचं की इतिहास पुरा करायचा हे मला ठरवता येत नव्हतं, आणि मी मास्तरीण, अर्धवट धडा मला सोडवत नाही. शिवाय हंडे कोण भरणार हाही प्रश्न होताच.

नळाला बारीक धार होती. हंडा भरेपर्यंत दोघी उंबऱ्यावर बसलो. दुपार अशी होती की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळीकडे माग एका लयीत खडखडत होते आणि त्या आवाजानं पापण्या जड होत होत्या. मी घाबरत घाबरत विषय काढला. म्हटलं, सुशीलाबाई, नरसक्का जिन्यावर शेवट सांगायची, ते तुम्हाला आठवतं का?

“न आठवायला काय झालं? सगळे खोटे असायचे की.”

ती नळाकडे बघत होती.

“आमचा थोरला भाऊ तोच सिनेमा बघून यायचा आन् जेवताना सगळा शेवट सांगायचा. कोन मेलं, कोन जगलं. घराघरात तेच की. तुमच्यात न्हवते का पुरुष?”

होते. माझा दीर होता. आणि आता मला वाटायला लागलंय की त्यानंही तेव्हा जेवताना सांगितलं होतं, ती बुडते म्हणून, आणि मी त्याला भाकरी वाढत होते. खरंच तसं झालं होतं की परवापासून मी ते स्वप्नात बघते आहे, मला सांगता येत नाही. दोन महिने तुझ्यावर कशासाठी रुसले होते तेही आता सांगता येत नाही.

मी सुशीलाला विचारलं, “मग तुम्ही वाट का बघत राहिलात?”

“कुनाची?”

“नवऱ्याची.”

ती हसली. तोंडात तीनचार दात राहिलेत, तरी छान हसते. “त्या मानसाची कोन वाट बघतंय? दोन वर्सं राहिले त्याच्याकडं, लई मारायचा. गेला तवा मी देवाला नारळ फोडला. भावांनी दुसरा आनला, तोबी तसलाच दिसत हुता. न्हाय म्हनलं तर भाऊ ऐकतेत का? नको म्हनाया बाईला कारन लागतं. नरसक्कानं त्या दिवशी जिन्यावर सांगितलं, तो आला म्हून. मी म्हनलं, हे बेस हाय. घरी जाऊन सांगितलं, तो येनार हाय, मी थांबनार. भाऊ गप बसले. ल्वॉक मला पतिव्रता म्हनायला लागले.” हंडा भरून वाहायला लागला होता. तिनं तो सरकवून दुसरा लावला. “सुखात राहिले बघा. आपलं घर, आपली चूल, कुनाचा हात अंगावर न्हाय.”

“नरसक्काला हे कधी सांगितलंत?”

“काय सांगू? तिनं कधी इचारलंच न्हाय. मला वाटलं, तिला ठाऊक असंल. मुद्दामच तसा शेवट केला म्हनून.”

“आणि ती पाणी भरायला यायची ते?”

“एकटी बाई हो. माझ्याकडं करमायचं तिला.”

मी पुढचे तीन हंडे भरले. गुडघे तुझे, ओझं तुझं, आणि जिच्यासाठी वाहिलंस ती समोर बसून समजत होती की तुला गप्पा मारायला आवडतं. तुम्ही दोघी चाळीस वर्षं एका नळापाशी बसलात आणि कुणीच कुणाला विचारलं नाही. आणि मी, गावभर वही घेऊन सगळ्यांना विचारत हिंडणारी, मी दहा पावलं चालून ते विचारून आले नाही. तू जिवंत होतीस तेव्हा. हे मला माफ करता येत नाही, अक्का. तू केलं असतंस, पण मला येत नाही.

निघताना मी सुशीलाला विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, “लिहा की. भाऊ मेले सगळे.”

म्हणून लिहिते आहे. पुस्तकात जाईल तेव्हा जाईल, पुरुषांच्या शिट्ट्यांच्या शेजारी. त्याआधी हे तुझ्यासाठी. तुला मागं राहून एकटीनं बघायचीच सवय, तर एवढं ऐकून जा. सुशीला तुझ्यामुळं थांबली नाही. ती त्याची वाट बघत नव्हती, अक्का. एक दिवससुद्धा नाही.